पाऊस आमच्याकडं, आणि मे महिन्यात घागर पण आमच्याच डोक्यावर

मागच्या आठवड्यात जांबोटीकडच्या मावशीकडं गेलतो. दुपारची वेळ, आणि ही कळशी घेऊन निघालेली. म्हटलं मावशे, दारात नळ हाय की. तर म्हणाली, "नळ हाय रे, पण वरच्या टाकीत पाणी नको काय? झराच आटूलाय." मी पण मागोमाग गेलो. जांभ्या दगडात एक डबरं, तळाला वीतभर पाणी, आणि मावशी करवंटीनं वरच्यावर पाणी काढत होती, करवंटी तळाला लागू देत नव्हती, कारण एकदा गढूळ झालं की निवळायला परत अर्धा तास. एक कळशी भरायला पाव तास लागला. तिथंच उभं राहून जे डोक्यात आलं ते लिहितोय.

हा बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका हाय हो. याच तालुक्यातल्या आमगावात २०१० साली १०,०६८ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. आणि याच जिल्ह्यात पूर्वेला अथणीकडं गेलात तर वर्षाचा पाऊस ५००-६०० मिलिमीटर. एकाच जिल्ह्यात इकडं गुडघाभर चिखलात भाताची लावणी आणि तिकडं काळ्या रानात ज्वारी आभाळाकडं बघत उभी. शाळेत आम्ही जिल्ह्यातल्या नद्या पाठ केल्या, कृष्णा घटप्रभा मलप्रभा, एका दमात. पण हे पाणी येतंय कुठनं, ते कुणी नेऊन दाखवलं नाही.

याच तालुक्यातल्या कणकुंबीला उभं राहून बघा एकदा. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते, पूर्वेला खानापूरवरनं जाते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात साठते, हुबळी-धारवाडला प्यायला जाते आणि शेवटी कूडलसंगमला कृष्णेला मिळते, म्हणजे बंगालचा उपसागर. आणि तिथनं जवळच भीमगडच्या जंगलात देगावकडं महादई सुरू होते, ती पश्चिमेला गोव्यात उतरते, मांडवी होते, पणजीला अरबी समुद्र. एकाच डोंगररांगेवर पडलेला पाऊस, अलीकडच्या उतारावर पडला तर एका समुद्राला, पलीकडं पडला तर दुसऱ्या. बेळगाव शहर ज्या राकसकोपचं पाणी पितं ती मार्कंडेय पण बैलूरच्या बाजूनंच येते.

म्हणून मला वाटतं, जिल्ह्याची संपत्ती मोजताना आपण चुकीच्या टोकाकडनं सुरू करतो. चिकोडी-रायबागचा ऊस, निपाणीचा तंबाखू, आमच्या वडगाव-शहापूर शिवारातला बासमती, खानापूरची माती आणि कौलं, हे सगळं खरंच हाय, अभिमान पण हाय. पण या सगळ्याच्या वर ते जंगल हाय. जांभा दगड पाणी पितो आणि हळूहळू सोडतो, पण कधी? वर झाडं असतील, खाली पालापाचोळा असेल तर. डोंगर उघडा पडला की तोच पाऊस चार दिवसांत लाल पाणी होऊन खाली जातो, ऑगस्टमध्ये पूर आणि एप्रिलला झरा कोरडा. २०१९ चा पूर आठवा, मलप्रभा घटप्रभा कृष्णा, तिन्हीकडं एकदमच हाहाकार झालता.

कळसा-भांडुरावरनं, म्हणजे महादईच्या या दोन ओढ्यांचं पाणी मलप्रभेत वळवायच्या योजनेवरनं, कर्नाटक आणि गोव्याचं इतकी वर्षं भांडण चाललंय. महादईच्या पाणीवाटप लवादानं २०१८ साली कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं ३.९ मलप्रभेत वळवायला. खाली धारवाड-गदगकडच्या नवलगुंद-नरगुंदच्या शेतकऱ्याची तहान खोटी नाही, त्यांनी रस्त्यावर दिवस काढलेत, मी त्यांच्या विरोधात नाही. गोव्यातल्या लोकांची भीती पण मला कळते. पण दोन्हीकडच्या भांडणात जिथं पाऊस पडतो त्या गावांचं नाव कोण घेतंय? वळवायचं पाणी आधी डोंगरात मुरायला तर पायजे. भीमगडला २०११ मध्ये अभयारण्य केलं ते चांगलंच झालं, पण अभयारण्याच्या बाहेरचे डोंगर, सडे म्हणजे कातळाची पठारं, देवराया, त्यांचं काय? माझं म्हणणं एवढंच, खालच्या धरणावर जेवढा पैसा जातो त्यातला काही हिस्सा वर झरे राखायला, चर मारायला, झाडं जगवायला यावा, आणि ते काम त्याच गावांतल्या लोकांच्या हातात द्यावं, कारण कुठला झरा कधी बारीक होतो हे मावशीला जेवढं ठाऊक हाय तेवढं कुठल्या नकाशात नाही.

मावशीनं मला तीन झरे दाखवले. एक बारमाही होता, आता मार्चलाच संपतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबी, नेरसे भागातले जे कोण वाचताय त्यांनी आपल्या गावचा झरा कुठल्या महिन्यात आटतो आणि दहा वर्षांपूर्वी कधी आटायचा तेवढं खाली लिहा. मी गावनिहाय यादी करायला घेतलीये, पहिली तीन नावं मावशीच्या गावची.