नारळ नको, पाकीट द्या

आज सकाळी साडेसातला फोन आला. मी डबा भरत होते. एका गणपती मंडळाचे कार्यकर्ते, नाव सांगत नाही, ओळखीचेच आहेत. "ताई, तुमचा भाऊ फोन उचलेना, तुम्ही सांगा की त्याला. यंदा आपल्या मंडळात त्याचा रॅप ठेवूया म्हणतोय, पोरं लई मागं लागल्यात." खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटलं. म्हटलं, चांगलं आहे की, मानधन किती देणार? पलीकडं जरा वेळ काहीच नाही, मग हसू. "पैशाचं काय घेऊन बसलाय ताई! आपलाच पोरगा आहे. स्टेज देतोय, माईक देतोय, नाव होईल त्याचं."

आणि डॉल्बीवाला? तो पण आपलाच पोरगा आहे ना? तो फुकट वाजवणार काय? मंडपवाला, लायटिंगवाला, जनरेटरवाला, सगळ्यांना ॲडव्हान्स जातो आणि ज्याच्या तोंडातून गाणं येणार तो तेवढा आपला म्हणून फुकट. हे मी फोनवर बोलले नाही, "विचारून सांगते" म्हणून ठेवला, आणि दिवसभर ऑफिसात तेच डोक्यात फिरत राहिलं म्हणून आता लिहायला बसलेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माझा धाकटा भाऊ रॅप करतो, म्हणजे तालावर यमक जुळवलेल्या ओळी झपाट्यानं म्हणतो. नववीत होता तेव्हापासून. दिवसा इथं बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर, रात्री वहीवर. आमच्या वडगावच्या मराठीत करतो, मध्ये कन्नड येतं, मध्ये गल्लीतली उर्दू येते, जशी गल्ली बोलते तसं. तुम्ही त्याचं नाव ऐकलं नसेल. ज्यांनी ऐकलंय ते मात्र पाठ म्हणतात, संकेश्वरच्या एका पोरानं त्याचा अख्खा व्हर्स, म्हणजे कडवं, व्हॉइस मेसेजवर म्हणून पाठवला होता, एक शब्द चुकला नव्हता.

तर त्या नारळाची गोष्ट सांगते, घरच्यांना माहीत आहे, बाकीच्यांना नाही.

चार वर्षं झाली असतील. निपाणीकडच्या एका गावात गणपतीत बोलावलं होतं. तेव्हा पण हेच, स्टेज देतो, नाव होईल. हा आणि याचा मित्र दुचाकीवर गेले, पंचाहत्तर किलोमीटर, भाद्रपदातला पाऊस, लॅपटॉप प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून पोटाशी धरलेला. वेळ आठची दिली होती. ऑर्केस्ट्रा पावणेदहापर्यंत चालला. दहाला स्पीकर बंद करायचा नियम सगळ्यांना माहीत आहे, मग याच्या वाट्याला किती आलं ते तुम्हीच मोजा. पहिलं गाणं कसंबसं झालं, दुसऱ्याच्या मध्यात आवाज तोडला. तर हा थांबला नाही. बीट, म्हणजे मागं वाजणारं संगीत, गेली, माईक गेला, नुसत्या तोंडानं पुढच्या ओळी म्हणत राहिला आणि पुढं बसलेल्या बारक्या पोरांनी टाळ्यांवर ताल धरला. हे मला त्या मित्रानं सांगितलं, हा स्वतःहून कधी सांगणार नाही.

नंतर सत्कार झाला. ऑर्केस्ट्राला पाकीट, डॉल्बीवाल्याला पाकीट आणि शाल, याला नारळ.

रात्री एकच्या पुढं घरी आला. भिजलेला. टेबलावर नारळ ठेवला, म्हणाला, "अक्का, नारळ मिळाला." आपल्यात नारळ देणे म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको. मग तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ नळ सुरू राहिला. मी दाराशी उभी होते, हाक मारली नाही.

आता मला सांगा यात "नाव" कुठं झालं?

लोक म्हणतात कलेचे पैसे मागायचे नसतात, हिपहॉप, ज्यातला हा रॅप, म्हणजे रस्त्यावरची कला, मग पैसे कशाला. असं म्हणणाऱ्यांनी जरा माहिती घ्यावी. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्रॉन्क्स, १५२० सेजविक अव्हेन्यू नावाची बिल्डिंग, तिच्या खालच्या हॉलमध्ये पार्टी झाली आणि तिथून हे सगळं सुरू झालं असं जग मानतं. रेकॉर्ड वाजवत होता डीजे कूल हर्क. पण पार्टी ठेवली कुणी? त्याच्या बहिणीनं! सिंडी कॅम्पबेल. शाळा सुरू होणार होती, तिला नवे कपडे घ्यायचे होते, पैसे पाहिजे होते, म्हणून तिनं हॉल घेतला आणि हातानं लिहिलेली कार्डं वाटली. तिकीट होतं. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. म्हणजे ज्या दिवशी हिपहॉप जन्मलं त्या दिवशी दारात पैसे घेतले होते, आणि ते एका बहिणीनं घेतले होते. हे वाचलं त्या दिवसापासून मला पैशाचं विचारायला अजिबात लाज वाटत नाही.

मंडळांकडं पण पैसा झाडाला लागत नाही, मान्य आहे, दारोदार पावती पुस्तक घेऊन फिरतात पोरं. पण मग डॉल्बीचे चार बेस कमी लावा.

दुसरं वाक्य, त्याचा मला जास्त राग येतो. "मोठा कधी होणार?" गेल्या महिन्यात एका बारशात एक नातेवाईक म्हणाले, पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन बघ, २०२३ ला बिग बॉस जिंकला, तू पण जा की. जसं काय बिग बॉस म्हणजे खानापूरची बस, उठला आणि बसला. २०१९ ला रॅपवरचा तो 'गली बॉय' हिंदी पिक्चर आला तेव्हा पण तेच, वर्षभर सगळे विचारत होते, आणि पुढच्या वर्षी सगळे विसरले. याचं लिहिणं पिक्चरच्या आधी पण सुरू होतं आणि नंतर पण.

पैशाचं गणित ऐका. युट्यूबवर मोठ्या व्हिडिओंच्या जोरावर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास बघितलं गेलं पाहिजे. गाणी ऐकायच्या स्पॉटिफाय ॲपनं २०२४ पासून नियम केला की वर्षभरात १००० वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच नाहीत. म्हणजे नऊशे वेळा लोकांनी ऐकलं तरी हातात शून्य. बीट विकत घ्यायची तर लीजवर, म्हणजे वापरायच्या हक्कापुरती, मिळते, पैसे भरले नाहीत तर गाण्याच्या मध्येच बीट बनवणाऱ्याच्या नावाचा आवाज येत राहतो. मिक्सिंग, म्हणजे आवाज आणि बीट नीट मिसळून घ्यायचं, त्याचे वेगळे, कव्हरचे वेगळे, गाणी सगळीकडं चढवायची त्याची वर्षाची फी. हे सगळं मशीनवरच्या पगारातून. मी हिशोब बघितलाय, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो, पेट्रोलसकट.

आणि रेकॉर्डिंग कधी करतो माहिती आहे? आमच्या गल्लीत यंत्रमाग. सकाळपासून रात्रीपर्यंत खटखट खटखट, भिंती हालतात. अशा आवाजात माईक लावून काय उपयोग. मग हा लाईट जायची वाट बघतो. लाईट गेली की सगळ्या गल्लीचे माग एकदम थांबतात, कान बधिर होतील अशी शांतता होते, आणि हा आत पळतो. लॅपटॉपची बॅटरी जुनी, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं टिकते. पंखा बंद, खिडकी बंद, डोक्यावर वाकळ घेऊन त्यात माईक. घामानं वही भिजते. मध्येच लाईट आली तर झालं, तेवढं रेकॉर्डिंग गेलं. लोक लाईट गेली म्हणून शिव्या घालत असतात आणि आमच्या घरात आई हळूच म्हणते, "गेली रे, जा."

आमच्या बाबांना आता कमी ऐकू येतं. पस्तीस वर्षं मागावर काढली, त्याचंच आहे ते. नवीन गाणं झालं की हा बाबांना खुर्ची देतो, स्पीकर समोर ठेवतो, आणि बाबा स्पीकरवर पंजा ठेवून बसतात. तोंडाकडं बघतात याच्या. संपलं की म्हणतात, "बरं हालतंय."

हे लिहिताना माझा राग जरा खाली आला बघा.

तो जुन्या लोकांचं लई वाचतो, ऐकतो. मला इंग्लिश रॅपमधलं ओ की ठो कळत नाही, पण एका माणसाची गोष्ट त्यानं सांगितली ती माझ्या मनातून जात नाही. एमएफ डूम. खरं नाव डॅनियल डुमिले, जन्म लंडनचा, वाढला न्यूयॉर्ककडं. धाकट्या भावाबरोबर ग्रुप होता. १९९३ ला तो भाऊ, सबरॉक म्हणायचे त्याला, गाडीच्या धक्क्यानं गेला. दुसरा अल्बम तयार होता, कंपनीनं कव्हरवरच्या चित्राच्या वादावरून तो अडवला आणि याला काढून टाकलं. भाऊ गेला, काम गेलं. पुढं काही वर्षं हा माणूस कुठं होता कुणाला धड माहिती नाही, बाकड्यावर झोपून रात्री काढल्या असं त्यानंच नंतर सांगितलं. आणि मग न्यूयॉर्कच्या एका कॅफेत, जिथं कुणीही उठून म्हणू शकतं, तिथं बायकांचा पायमोजा तोंडावर ओढून उभा राहिला. पुढं धातूचा मुखवटा आला आणि १९९९ ला एका छोट्या कंपनीतून पहिला स्वतःचा अल्बम. चेहरा लोकांना दाखवायचा नाही, फक्त शब्द ऐका. तो ३१ ऑक्टोबर २०२० ला गेला आणि बायकोनं जगाला सांगितलं ३१ डिसेंबरला. दोन महिने कुणाला पत्ता नव्हता. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी आमचा हा जेवला नाही. आई विचारत होती कोण गेलं रे, कुणाच्यातलं.

असा माणूस "मोठा" झाला का नाही? कुठल्या टीव्हीवर दिसला? पण वडगावच्या एका पोराचं जेवण अडलं त्याच्यासाठी. अंडरग्राउंड, म्हणजे टीव्ही आणि मोठ्या कंपन्यांच्या बाहेरचं काम, हे काही वर जायच्या जिन्याची खालची पायरी नव्हे हो, तिथंच लोक आयुष्यभर काम करतात आणि चांगलं करतात.

शिव्या असतात गाण्यात, असतात. मला पण आवडत नाहीत, त्याला सांगितलंय. सगळी गाणी चांगली आहेत असं पण नाही, सुरुवातीची तर मुंबईवाल्यांची सरळ नक्कल होती, ती त्यानं स्वतःच काढून टाकली.

पण भाषेवरनं कुणी बोललं की माझं डोकं परत फिरतं. एकानं सांगितलं, पुण्या-मुंबईत चालायचं असेल तर मराठी जरा "साफ" कर, ते 'करायलाय', 'बोलायलाय' काढ. इकडं कन्नड का घेतोस म्हणून आपलीच माणसं, तिकडं मराठी का घेतोस म्हणून ती माणसं. एक नोव्हेंबर, तिकडं कर्नाटक राज्योत्सव आणि आपला काळा दिन, जवळ आला की दोन्हीकडनं मेसेज, आमच्या बाजूचं खणखणीत गाणं कर, व्ह्यूजचा पाऊस पडेल. सीमाप्रश्न मला कुणी शिकवू नये, मी मराठी शाळेत शिकलेय, १९५६ ला बेळगाव तिकडच्या राज्यात गेलं तेव्हापासूनचं सगळं आजोबांच्या तोंडून ऐकत वाढलेय, काळ्या दिनाच्या फेरीत त्यांचा हात धरून चाललेय. पण त्याला जे दिसतं ते तो लिहिणार, वाकळीखालचा घाम लिहिणार, बाबांचे कान लिहिणार. बेळगावचं मराठी जिवंत राहावं म्हणून भाषणं करता ना? मग हे काय आहे? हा रोज रात्री त्याच मराठीत यमक जुळवत बसतो, जेवताना ताटावर बोटानं मात्रा मोजतो. वर्षाला एक दिवस नाही, रोज.

आणि त्याला तुम्ही नारळ देता.

तो नारळ आईला शनिवारी मारुतीला फोडायचा होता. यानं फोडू दिला नाही. टेबलावरच राहिला, वायरींच्या गराड्यात, शेंडीसकट. वर्षानं आतलं खोबरं सुटलं, गोटा झाला, हालवला की खुळखुळ वाजायचा. एकदा लाईट गेलेली असताना यानं तोच माईकसमोर धरून हालवला. त्याचं जे गाणं संकेश्वरच्या पोरानं पाठ केलंय ना, त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत जो बारीक खुळखुळाट आहे, तो त्या निपाणीकडच्या नारळाचा आहे. हेडफोन लावून ऐका, डाव्या कानात जास्त येतो.

संध्याकाळी आल्यावर त्याला मंडळाचा फोन सांगितला. म्हणाला, "जाऊ दे अक्का, करतो की. पोरं येतील." हेच. पोरं येतील म्हणून हा फुकट जाणार, आणि हे त्यांना पक्कं माहीत आहे. म्हणून इथून पुढं फोन मी घेणार. पाच हजार, पेट्रोल वेगळं, अर्धे आधी. वेळ आठची म्हणजे आठ, पावणेदहा नाही. साऊंड चेकला पंधरा मिनिटं. मंडळवाल्यांनो, तुमच्यापैकी चौघं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, वाचताय ते दिसतंय मला. जमत असेल तर सांगा, नसेल तर तसं पण सांगा, राग नाही.

अजून लिहिणार होते पण आता लाईट गेली. माग थांबले. आई दारातून खुणावतेय, मोबाईलचा टिक टिक आवाज पण बंद कर म्हणून. तो आत गेलाय.