हलू नका म्हटलं की नाक खाजतं

एमआरआयच्या टेबलावर ‘आता अजिबात हलू नका’ म्हटलं की पेशंटचं नाक खाजायला लागतं. आम्हा टेक्निशियन मंडळींना हे पक्कं ठाऊक आहे, तरी तोंडातून तेच निघतं.

तयारी बाहेरच करायची असते. साडीच्या निऱ्यांतली सेफ्टी पिन काढायला सांगितली की ‘ती काय एवढीशी!’ पण आतलं चुंबक दीड टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप), आणि ते रविवारीही चालूच असतं. बोगदा 60 किंवा 70 सेंटीमीटर रुंद, दोन्ही टोकांना उघडा, आत हवा खेळती. तरी पेशंट डोळे टक्क उघडे ठेवून छत नाकापासून किती लांब आहे ते मोजत आत जातो. डोळे टेबल सरकायच्या आधीच मिटावेत. गुडघ्यांखाली उशी मागून घ्यावी, कारण कंबर अवघडली की माणूस हलणारच. हातातला रबरी फुगा आधी एकदा दाबून बघावा. दाबला की आमच्याकडे घंटा वाजते, हे ज्याने स्वतः ऐकलं तो पुढे सहसा दाबत नाही.

फोटो म्हटल्यावर लोकांना वाटतं, खटकन निघेल. इथे एकेक सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनचा एकेक टप्पा, दोन ते सहा मिनिटांचा. माहिती ओळीओळीने गोळा होते आणि प्रत्येक ओळीत अख्ख्या चित्राचा अंश असतो. म्हणून चौथ्या मिनिटाला खोकलात, तर एखादा कोपरा नाही, सगळंच बिघडतं. मानेच्या स्कॅनमध्ये सारखे आवंढे गिळले की गळ्याची भुतं, म्हणजे पुसट सावल्या, चित्रात मणक्यांवर येऊन बसतात. त्यांना आम्ही घोस्टिंग म्हणतो. गळ्यावर सॅच्युरेशन बँड टाकून, म्हणजे तेवढ्या पट्ट्याचा सिग्नल दाबून, त्यांचा जोर कमी करायचा, नाहीतर फेजची दिशा, म्हणजे चित्रात भुतं ज्या दिशेने पसरतात ती, फिरवून त्यांना दुसरीकडे धाडायचं. कायमची हाकलता येत नाहीत. आणि घाबरलेला माणूस आवंढेच गिळतो! मग सिक्वेन्स परत, आतला मुक्काम वाढला, भीती वाढली, आवंढे वाढले.

तक्रार करणाऱ्यांसाठी माहिती: 1977 साली न्यूयॉर्कमध्ये रेमंड डमाडियन हे डॉक्टर माणसाच्या धडाच्या पहिल्या एमआरआय स्कॅनसाठी आधी स्वतःच यंत्रात बसले. काही उमटेना. देह जाड पडला, असं ठरलं. मग एका सडपातळ सहकाऱ्याला बसवलं. छातीचं एक चित्र निघायला पावणेपाच तास लागले.

आवाजाचं म्हणाल, तर ग्रेडियंट कॉइल, म्हणजे यंत्रातली चुंबकक्षेत्र बदलत राहणारी वेटोळी, थरथरतात म्हणून तो ठणठणाट. शंभर डेसिबलच्या वर जातो, तेव्हा कानात बोळे हवेतच. पण पेशंट खरा घाबरतो तो दोन सिक्वेन्सच्या मधल्या शांततेला. त्याला वाटतं, आम्ही चहाला गेलो. म्हणून दर वेळी इंटरकॉमवर सांगावं, ‘पुढचा चार मिनिटांचा, मोठा आवाज येईल.’ आकडा कळला की माणूस धीर धरतो.

फक्त मेंदूच्या स्कॅनमध्ये ‘बरे आहात ना, काका?’ असं विचारू नये. काका सज्जन असतात. मान डोलावून हो म्हणतात.