अण्णांची कंबर आणि आमचं 'वय झालं'

अण्णा रात्री चार-पाचदा उठायचे. बाथरूमच्या दिव्याचं बटण खट् वाजायचं आणि आम्ही कूस बदलून परत झोपायचो. वय झालं, असं तेही म्हणायचे, आम्हीही. एसटीनं गावी जायचं असलं की सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत. कुणाला बोलले नाहीत, आईनं आपलं आपणच ओळखलं होतं.

मग कंबर धरली. तेल झालं, शेक झाला, पट्टा झाला. सहा महिने त्यातच गेले. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी पीएसए करायला सांगितली. रक्ताची साधी तपासणी. साधारण ४ च्या आत असावं असं धरतात. अण्णांचा आकडा ३१२. प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेल्या ग्रंथीचा कॅन्सर मणक्यात पोचला होता.

तेव्हा कळलेली एक गोष्ट मला अजून छळते. हा कॅन्सर बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, लघवीच्या नळीपासून लांब. त्यामुळे सुरुवातीला काहीच त्रास होत नाही. रात्री उठवणारा त्रास बरेचदा वयानं वाढलेल्या ग्रंथीचा असतो, कॅन्सरचा नसतो. म्हणजे 'त्रास झाला की बघू' म्हणत बसलेला माणूस उशीरच करतो.

पीएसए वाढली म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. इन्फेक्शननंही वाढते, नुसत्या वाढलेल्या ग्रंथीनंही. म्हणून डॉक्टर ती पुन्हा करायला लावतात, एमआरआय सांगतात, गरज वाटली तर बायोप्सी, म्हणजे ग्रंथीचा बारीकसा तुकडा काढून तपासणं. काही कॅन्सर इतके संथ असतात की ऑपरेशन न करता नुसती नजर ठेवतात. म्हणून घाबरून टाळू नका. डॉक्टर गुदद्वारातून बोटानं तपासतील या लाजेपायी तर मुळीच टाळू नका. सुरुवात बहुधा रक्तानंच होते.

पन्नाशी आली की डॉक्टरांशी हा विषय काढा. वडिलांना किंवा भावाला झाला असेल तर पंचेचाळिशीतच. आई-मावशीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा, त्याचाही संबंध असू शकतो.

अण्णा आहेत. दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन असतं, तारीख आई कालनिर्णयवर लिहून ठेवते. माझी तपासणी गेल्या महिन्यात झाली, धाकट्याची शनिवारी आहे. काका अजून "मला काय झालंय?" म्हणतात. रविवारी मी स्वतः त्यांच्याकडे जाणार आहे.