प्रतिक्रियेला उत्तर : वर्कफ्लो 'आहे तसा' का हलवता येत नाही

सप्रेम नमस्कार.

शेअरपॉइंट ऑनलाइन या मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रे आणि याद्या ठेवण्याच्या सेवेवरचे 2013 पद्धतीचे वर्कफ्लो (मंजुरीसारखी कामे पायरीपायरीने पुढे सरकवणाऱ्या स्वयंचलित साखळ्या) पॉवर ऑटोमेट या मायक्रोसॉफ्टच्याच नव्या साधनावर नेताना त्यांची फेरआखणी करावी, या माझ्या म्हणण्यावर आपण सविस्तर हरकत घेतली आहे. मंजुरीची साखळी वर्षानुवर्षे बिनबोभाट चालली आहे, 2 एप्रिल 2026 ही जुने वर्कफ्लो बंद करण्यासाठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेली अखेरची तारीख आहे, तेव्हा आधी सारे आहे तसे हलवावे आणि सुधारणा सवडीने कराव्यात, असे आपण म्हणता. 'फेरआखणी' हे सल्लागारांचे बिल फुगवण्याचे निमित्त आहे, असा आपला मुद्दा आहे. बिले फुगतात हे खरेच आहे. पण 'आहे तसे' हलवणे हा पर्याय प्रत्येक साखळीपुढे नसतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

आपण अंधेरीतल्या आपल्या बांधकाम कंपनीचा दाखला दिला आहे, म्हणून त्याच व्यवसायातले उदाहरण घेतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम मे महिन्यात उरकते, कंत्राटदाराचे बिल मंजूर होते, पण काही टक्के रक्कम रिटेन्शन म्हणून अडवली जाते, कारण मुंबईत गच्ची गळते की नाही हे पावसाळा उलटल्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही. जुन्या वर्कफ्लोत 'अमुक तारखेपर्यंत थांबा' ही एक पायरी टाकली की तो महिनोन्महिने निमूट थांबायचा आणि ऑक्टोबरात साइट इंजिनीअरकडे पाहणीचे काम पाठवायचा. पॉवर ऑटोमेटमध्ये मात्र क्लाउड फ्लोची (तिथल्या वर्कफ्लोची) एक फेरी जास्तीत जास्त 30 दिवस चालते, त्यानंतर अडून राहिलेल्या पायऱ्या मुदत संपून बाद होतात. म्हणजे तीच पायरी तशीच उतरवली, तर ते बिल जूनमध्येच साखळीतून गळून पडेल आणि कंत्राटदार दिवाळीच्या तोंडावर पैशांसाठी लेखा विभागात येईपर्यंत कोणाला पत्ताही लागणार नाही.

यावरचा उपाय खर्चिक नाही. बिल क्रमांक, अडवलेली रक्कम, मुदतीची तारीख आणि सद्यस्थिती एका यादीत ठेवावी आणि रोज सकाळी ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या एका छोट्या शेड्यूल्ड फ्लोने ती यादी चाळून, मुदत भरलेल्या बिलांची पाहणी सुरू करावी. यात एकही सही वाढत नाही की कमी होत नाही. वाट पाहण्याचे काम वर्कफ्लो चालवणाऱ्या इंजिनकडून काढून नोंदीकडे दिले जाते. फेरआखणी म्हणजे मला अभिप्रेत आहे ती इतकीच, आणि तिच्यासाठी कोणी सहा महिन्यांचा प्रकल्प मांडत असेल तर त्याला खुशाल चहा पाजून वाटेला लावावे.

या यादीचा दुसरा फायदा बदलाच्या दिवशी कळतो. मायक्रोसॉफ्टचे स्थलांतराचे साधन वर्कफ्लोची व्याख्या उचलते, त्याचा इतिहास उचलत नाही. नवी बिले नव्या साखळीत आणि जुनी बिले जुन्या साखळीत संपू द्यावीत, ही आपण सुचवलेली वाट रजेच्या अर्जांना ठीक आहे. पावसाळ्यापर्यंत थांबलेल्या बिलांना ती लागू पडत नाही, कारण ती संपण्याआधी जुने इंजिनच बंद होईल. अशी बिले हाताने यादीत चढवावी लागतात आणि लेखा विभागाने ती मूळ कागदांशी ताडून पाहावी लागतात.

ऑडिटरला पूर्वीसारखाच पुरावा दिसला पाहिजे, हा आपला आग्रह मला पूर्ण मान्य आहे. पण तो 'आहे तसे' या भूमिकेच्याच विरोधात जातो. पॉवर ऑटोमेट फ्लोच्या फेऱ्यांचा इतिहास 28 दिवसच दाखवते, तर कंपनी कायदा 2013 च्या कलम 128 प्रमाणे हिशेबाची पुस्तके आणि व्हाउचर किमान 8 आर्थिक वर्षे जपावी लागतात. बिल कोणी, कधी, कोणत्या शेऱ्यासह मंजूर केले, याची स्वतंत्र नोंद प्रत्येक पायरीवर लिहिण्याची तजवीक पहिल्याच दिवशी हवी, कारण सवडीने ती केली तर मधल्या महिन्यांचा पुरावा कुठून आणणार?

राहिले गेटपास, रजा, स्टेशनरीची मागणी असे दोन-तीन पायऱ्यांचे वर्कफ्लो. ते बेलाशक आहेत तसे हलवावेत. फक्त फ्लो एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर न बांधता कंपनीच्या सेवा खात्यावर (कोणा एका व्यक्तीच्या नावावर नसलेल्या खात्यावर) बांधावा, नाहीतर ती व्यक्ती नोकरी सोडून गेली आणि खाते बंद झाले की गेटपासही अडतील.