समजा, तुम्ही सरकार आहात

समजा, तुम्ही सरकार आहात. जगात तुमच्याबद्दल नाही नाही ते बोललं जातं आणि तिजोरीत चार पैसे शिल्लक आहेत. मग वाट कसली पाहता? परदेशी श्रोत्यांसाठी एक वाहिनी काढा. नावात देश मिरवू नका. रशियन सरकारच्या 'रशिया टुडे'चंही पुढे नुसतं 'आरटी' झालं.

पैसे कुठून येतात, हे विचारल्याशिवाय सांगू नये. पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट देशांसाठी चालवलेल्या अमेरिकी रेडिओ फ्री युरोपने पहिली वीसेक वर्षं सीआयएच्या गुप्त पैशांवर काढली, आणि वर अमेरिकन जनतेकडून देणग्याही गोळा केल्या. याला म्हणतात हिशेब.

आता बातम्या. खोटं अजिबात बोलू नका, ते नवशिक्यांचं काम. शेजाऱ्याच्या घरातलं खरं सांगा: त्याचे दंगे, त्याची बेकारी, अगदी पुराव्यानिशी. स्वतःच्या अंगणात आलात की लोकनृत्य दाखवा. चेर्नोबिलची अणुभट्टी २६ एप्रिल १९८६ला फुटली. दोन दिवसांनी स्वीडनच्या अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडला, तेव्हा कुठे त्या संध्याकाळी मॉस्कोने जेमतेम चार ओळी वाचल्या. बाकीचं सोव्हिएत लोकांनी परक्या रेडिओवर, खरखरीतून कान देऊन ऐकलं.

निवेदक घेताना उच्चार पाहा, विवेक तपासून घ्या. १९८३मध्ये रेडिओ मॉस्कोच्या इंग्रजी बातम्यांत व्लादिमिर दांचेव अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैन्याला चक्क आक्रमक म्हणू लागला. काही दिवस ते तसंच चाललं. (म्हणजे आपलं प्रसारण आपलेच साहेब ऐकत नव्हते!) मग त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली.

आणि विश्वासार्हतेच्या नादी तर मुळीच लागू नका, महाग पडते. १९५६मध्ये ब्रिटनने इजिप्तच्या सुएझ कालव्यासाठी केलेल्या हल्ल्यावेळी बीबीसीने विरोधी पक्षनेत्याचं टीकेचं भाषण परदेशातही ऐकवलं. पैसे परराष्ट्र खात्याचे, आणि हा आगाऊपणा! पंतप्रधान ईडन यांच्या सरकारने अनुदान कापायची भाषा केली, खात्याचा एक माणूस बुश हाउसमध्ये, म्हणजे बीबीसीच्या परदेशी प्रसारणाच्या कचेरीत, आणून बसवला.

एक खबरदारी मात्र घ्या. घरात जुना ट्रान्झिस्टर जपून ठेवा. ऑगस्ट १९९१मध्ये मॉस्कोत बंड झालं, तेव्हा सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह क्रिमियातल्या बंगल्यात नजरकैदेत होते, दूरध्वनी तोडलेले. देशात काय चाललंय ते कळावं म्हणून त्यांनी रेडिओवर काय लावलं? बीबीसी.

सेल तेवढे बदलून ठेवा.