आठाचे सोळा होत नाहीत

परवा माझ्या इंदूरच्या भाचीने लॅपटॉप घेण्याआधी एक संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, "मामा, मग आठचाच घेऊ ना?" ॲपलच्या लॅपटॉपमधली एम मालिकेतील चिप ही फोनचीच चिप आहे, ती तैवानमध्ये बनते व ॲपल केवळ नाव चिकटवते, आणि तिच्यातली 8 जीबी मेमरी इतरांच्या 16 जीबीइतकी असते, कमी पडल्यास इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानांत वाढवून मिळते, असे त्यात ठासून लिहिले आहे.

पहिले विधान अर्धे खरे आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. 2020 चा एम1 आणि त्याच वर्षीचा फोनमधला ए14 यांचे कोअर, म्हणजे चिपमधले गणना करणारे भाग, एकाच आराखड्याचे आहेत. मात्र वेगवान कोअर दोनाचे चार झाले आणि ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपवरचे सूक्ष्म स्विच, 1,180 कोटींवरून 1,600 कोटींवर गेले. दुसऱ्या विधानात फारसा दम नाही. ॲपलच्या चिप घडवणारी तैवानची टीएसएमसी ही कंपनी ग्राफिक्स चिपवाल्या एनव्हिडियाच्याही चिप घडवते, म्हणून एनव्हिडियाला कोणी नाव चिकटवणारी कंपनी म्हणत नाही. ॲपल आर्म या कंपनीचा आज्ञासंच, म्हणजे चिपला समजणाऱ्या मूळ आज्ञांची यादी, परवान्याने वापरते, पण त्यावर चालणारे कोअर स्वतः आखते. त्यासाठीच तिने 2008 मध्ये पी. ए. सेमी ही चिप आखणारी कंपनी विकत घेतली होती.

खरा घात तिसऱ्या विधानात आहे. या रचनेत प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकच मेमरी वापरतात, त्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे माहितीची नक्कल करावी लागत नाही, एवढा लाभ निश्चित आहे. परंतु ग्राफिक्सचा वाटाही त्याच आठांतून जातो, हे संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. राहिली वाढवण्याची गोष्ट. भाचीच्या जुन्या लॅपटॉपचे मागचे झाकण उघडून मी तिला रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्टीचे दोन स्लॉट दाखवले, त्यांतला एक रिकामाच होता. एम मालिकेच्या लॅपटॉपमध्ये असा स्लॉटच नसतो. मेमरी प्रोसेसरच्या शेजारी त्याच पॅकेजवर कायमची जोडलेली असते, तेव्हा जेल रोडचा दुकानदार पट्टी बसवणार कुठे?

आठ म्हणजेच सोळा असते, तर ऑक्टोबर 2024 मध्ये ॲपलने मॅकबुक एअरची किमान मेमरी किंमत न वाढवता 16 जीबी केली नसती. भाचीला मी एवढेच कळवले, की दुकानदाराने जुन्या साठ्यातला आठचा डबा स्वस्तात पुढे केला, तर तो तसाच परत ठेवायला सांग.