जंगलात जाऊन सिनेमा कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, जंगलाच्या सहलीला कोणते सिनेमे उतरवून न्यावेत याची यादी मी मागच्या लेखात दिली होती. त्यावर तुमच्या दोन तक्रारी आहेत. मेळघाटात जाऊन मोबाइलात डोकं घालायचं तर घरी काय वाईट, ही पहिली. आणि माझ्या यादीप्रमाणे उतरवून नेलेल्या पाचपैकी तीन सिनेमे तिथल्या सेमाडोहला उघडलेच नाहीत, ही दुसरी. दुसरी पूर्ण खरी आहे, लेखात ती गोष्ट राहून गेली होती. म्हणून आधी तिचंच बोलू.

ॲपमध्ये डाउनलोड केला म्हणजे सिनेमा आपला झाला असं नसतं. सोबत मुदतीचा परवाना येतो. बऱ्याच सेवांमध्ये एकदा सुरू केलेला सिनेमा ४८ तासांत संपवावा लागतो. हात न लावताही ठरावीक दिवसांनी मुदत उलटते ती वेगळीच. मुदत वाढवायला नेट लागतं, आणि घाटात नेमकं तेच नसतं. "नीट उतरलाय ना" म्हणून घरी दोन मिनिटं लावून पाहिला की घड्याळ तिथूनच सुरू होतं. तुमचं बहुधा हेच झालं. तेव्हा डाउनलोड निघायच्या आदल्या रात्रीच करा. ॲपचं अपडेटही तेव्हाच उरका. मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून ॲप उघडतं का आणि यादी दिसते का तेवढंच पाहा, सिनेमा लावू नका. परतवाड्याला चहाला थांबाल तेव्हा नेट चालू करून ॲप पुन्हा एकदा उघडा. पुढे घाटात रेंजचा भरवसा धरू नका.

फोन तिथेही एअरप्लेन मोडवरच राहू द्या. रेंज नसली की तो सारखा टॉवर शोधत बसतो आणि न वापरताच बॅटरी उतरते. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून ५,००० एमएएचचा फोन चार वेळा भरेल हा हिशेबही चुकतो. व्होल्टेज बदलताना वीज वाया जाते, त्यामुळे साधारण अडीच वेळा धरा. आणि पॉवर बँक उन्हातल्या गाडीत कधीच ठेवू नका. उष्णतेनं सेल फुगतात. तापलेला फोनही चार्ज व्हायचं थांबवतो. चार्जर बिघडला असं वाटतं, पण फोन सावलीत गार होऊ दिला की काम होतं.

आता पहिली तक्रार. मे महिन्यात ताडोब्याजवळच्या मोहर्लीला पारा ४५ अंशांवर जातो. सकाळची सफारी साडेनऊ-दहाला आटोपते, दुपारची तीनच्या आसपास निघते. मधल्या पाचेक तासांत जनावरंसुद्धा सावली धरून असतात. तेव्हा माणसानं पुस्तक उघडलं किंवा सिनेमा लावला तर जंगलाचा काय अपमान झाला? ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात (कोअर झोनमध्ये) सफारीला मोबाइल नेऊच देत नाहीत, म्हणजे तिथे तर प्रश्नच मिटला. अट एकच: स्पीकर नको. इअरफोनही एकाच कानात. सांबराचा कॉल, म्हणजे वाघ-बिबट्याची चाहूल लागल्यावरची इशाऱ्याची हाक, दुसऱ्या कानाला ऐकू आला पाहिजे.

आणि दुपारी पुस्तक तिथलंच असेल तर संध्याकाळची फेरी वेगळी होते. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' नागझिऱ्याच्या अभयारण्यातच वाचावं. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावच्या जंगलात राहिले होते. बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' हे शब्द त्यांनी मराठीला दिले. शब्द ठाऊक असला की तलावाकाठचं घरट्यांनी लगडलेलं झाड नजरेतून सुटत नाही.

पुस्तक नेताना बांधणी बघा. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं पुस्तक डॅशबोर्डवर राहिलं की डिंक मऊ पडतो आणि पानं सुटी होतात. शिवलेली बांधणी टिकते. रात्री वाचायचं तर मच्छरदाणीत, पिवळ्या दिव्यावर. पांढऱ्या उजेडावर पाखरं जास्त येतात. स्कॅन केलेली पीडीएफ मात्र सहा इंची ई-रीडरवर नेऊ नका, अक्षर वाचता येत नाही.

एका बाबतीत मी तुमच्याच बाजूनं आहे. दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडे जात असाल तर सिनेमे घरीच ठेवा. तेव्हा झाडीपट्टीत, म्हणजे याच चार जिल्ह्यांच्या भागात, नाटकांचा हंगाम असतो आणि नाटक मंडळ्यांचं मुख्य ठाणं गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. मंडपात थंडी चांगलीच लागते, म्हणून शाल आणि बसायला सतरंजी न्या. मुक्काम त्याच गावात करा. पहाटे अर्धवट झोपेत जंगलातल्या रस्त्यानं गाडी काढू नका.